चौथा बोल्ट

१

उतारावर गाडीचं पुढचं चाक निखळलं आणि गाडीलाच मागे टाकून रस्त्याने एकटं पळत सुटलं, असं बघणारे सांगत होते. चाक एका कुंपणाला जाऊन आदळलं. गाडी मात्र रस्ता खरवडत, ठिणग्या उडवत दरीच्या कठड्याला टेकून थांबली. कठडा मजबूत होता म्हणून आतली बाई वाचली आणि मागच्या सीटवर पट्ट्यांत बांधलेली तिची पिटुकलीही. बाईचा हात मोडला. पिटुकलीला खरचटलंसुद्धा नाही.

आता ती गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात विटांवर टेकवून ठेवली होती आणि विमा कंपनीची सर्व्हेअर तिच्यापुढे गुडघे टेकून बसली होती. बाळंतपणाची रजा संपून हे तिचं पहिलंच काम. आवाराबाहेर तिच्या स्वतःच्या गाडीत तिची आई तान्ह्या नातवाला घेऊन बसली होती आणि मधूनमधून हॉर्न वाजवून आपण आहोत याची आठवण देत होती.

"मॅडम, तुमची कंपनी भरपाई देवो न देवो, मला त्याच्याशी घेणं नाही," फौजदार म्हणाले. "संध्याकाळी मी हॉस्पिटलात बाईंचा जबाब घेणार. चाक आपोआप निघालं की कोणी काढलं, एवढं सांगा. आणि हा," त्यांनी हनुवटीने भिंतीकडे खूण केली, "आत टाकायचा की सोडायचा, तेही."

भिंतीशी गॅरेजवाला उभा होता. हातांची घडी, चेहरा उतरलेला. अपघाताच्या आदल्याच दिवशी त्याने याच चाकाचं काम केलं होतं.

चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तबकडीतून चार बोल्ट बाहेर आलेले असतात. त्यांना गॅरेजात स्टड म्हणतात. चाक त्यांच्यावर चढवायचं आणि वरून नट आवळायचे, एवढंच. त्यातला एक बोल्ट तुटला होता. गॅरेजवाल्याने तो मागून ठोकून काढला आणि नवा बसवला. आता तीन बोल्ट मुळाशी तुटले होते. चौथा वाकला होता, पण जागेवर होता, आणि त्याच्या डोक्यावर नटही तसाच होता. चाकाचं भोक फाटून नटावरून निसटलं होतं.

"तुम्ही घातलेला कोणता?" तिने विचारलं.

गॅरेजवाल्याने बोट दाखवलं. "तो, उभा आहे तो."

फौजदारांनी भुवया उंचावल्या. ज्याच्यावर आळ होता, तोच शेवटपर्यंत धरून बसला होता.

"आणि नट?"

"नटही कोराच घातला, ताई. जुन्याचे आटे झिजलेले असतात. गोटी पान्याने बसवला. गोटी नटाला चारी बाजूंनी कवेत घेते, ओरखडा उठत नाही."

तिने टॉर्च जवळ नेला. कोऱ्या नटावर ओरखडेच ओरखडे होते. एका बाजूला दातांच्या खुणा, कुत्र्याने चावल्यासारख्या. एका कोपऱ्यात लाल रंगाचा कण. आणि सगळे कोपरे दबून बोथट झालेले.

गॅरेजवाला पुढे आला, वाकला आणि त्याचा आवाजच बदलला. "हे माझं काम नाही. माझ्यानंतर कोणीतरी याला हात लावलाय."

"गाडी तुमच्याकडून गेली ती थेट घरी," फौजदार सावकाश म्हणाले. "रात्रभर बंद फाटकाच्या आत होती. म्हणजे घरातलंच कोणीतरी."

२

हॉस्पिटलात अपघातातली बाई, त्या घरची सून, खिडकीकडे तोंड करून पडली होती. प्लॅस्टरचा हात उशीवर, दुसऱ्या हाताच्या कुशीत पिटुकली झोपलेली. सर्व्हेअर आत आली तरी तिने मान वळवली नाही.

"तुम्ही पोलीस का?"

"नाही. मी फक्त गाडी बघते."

"मग बरं. गाडी खोटं बोलत नाही."

हळूहळू ती बोलती झाली. दुसऱ्या शहरात तिला नोकरी लागली होती. मनासारखी, किती वर्षं वाट बघितलेली. तिने घरात सांगितलं. सासरे उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दिराने ताटातलं मुकाट्याने संपवलं. नवरा म्हणाला, "जायचंच असेल तर जा."

"बस्स? एवढंच?"

"आमच्या घरात हे भाषण झालं," सून कोरडं हसली. "सासूबाई होत्या तोवर ठीक होतं. बाबा त्यांना सांगायचे, त्या आम्हाला सांगायच्या. आम्ही त्यांना सांगायचो, त्या बाबांना. त्या गेल्या आणि घराच्या तोंडाला कुलूप लागलं. तीन पुरुष एका टेबलाशी बसतात आणि मीठ हवं असेल तर उठून स्वतः घेतात, पण 'मीठ दे' म्हणत नाहीत."

"काल निघताना कोण होतं?"

"कोणीही नाही. निरोपालासुद्धा कोणी बाहेर आलं नाही. पोरीला बांधलं, बॅगा भरल्या, फाटक मीच उघडलं." तिने पोरीला आणखी जवळ घेतलं. "मला वाटलं, रागावलेत. आता कळलं, बाहेर का आलं नाही. मी कुठपर्यंत पोचणार ते ज्याला माहीत होतं, तो कशाला येईल बाहेर?"

"कोणावर संशय?"

"तिघांवरही. हेच तर वाईट आहे हो. कोणाचंही नाव घेतलं तरी माझं मन नाही म्हणत नाही." तिने पोरीच्या केसांवर ओठ टेकले. "संध्याकाळी माझा भाऊ न्यायला येतोय. फौजदारांना मी सांगणार, घरातल्या माणसाने मला मारायला बघितलं. सही करणार. मग पोरीला त्या घराची सावलीही दिसू देणार नाही."

सर्व्हेअर उठली. दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, अगदी बारीक.

"नवरा निघाला ना, तरी मला सांगा. पण आधी मला. पोलिसांना नंतर."

३

घर नीटनेटकं होतं. अंगणात मुलीचा लोखंडी झोका एका अंगावर कलंडला होता, कारण त्याची एक नळी गायब होती.

सासरे अंगणातल्या नळाशी वाकलेले दिसले. हातात जुना, जड, दातेरी पाइप पाना. तिचे डोळे त्या दातांवर खिळले.

"गाडीच्या चाकाला हात लावला होतात का तुम्ही?"

"गाडीतलं मला काय कळतंय? मी नळ बघतोय. गळतोय."

नळ ठणठणीत कोरडा होता.

आत नवरा खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. एक खांदा त्याने दुसऱ्या हाताने धरला होता.

"खांद्याला काय झालं?"

"आखडलाय."

"चाकाचे नट..."

"मी त्या गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही." तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर आलं. "जाणारी जाते. मी कशाला बघू?"

धाकटा दीर पाणी घेऊन आला. पेला धरलेल्या तळव्यावर फोड फुटून चिकटपट्टी लावलेली.

"हे कशाने?"

"व्यायाम करतो."

"कधीपासून?"

"सुरू करणार आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

चपलांच्या मांडणीमागे वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. कागद एका टोकाला फाटला होता आणि त्यातून चार फाट्यांच्या पान्याचं टोक डोकावत होतं. लाल रंगाचं, पोपडे उडालेलं. जाता जाता ती पाण्याच्या टाकीमागेही डोकावली. झोक्याची हरवलेली नळी तिथे होती. नळीत गाडीतला चाकाचा पाना ठासून बसला होता, इतका घट्ट की बाहेर निघेना. पान्याला असा लांब दांडा जोडला की माणसाचं बळ कितीतरी पटींनी वाढतं. नटाचे कोपरे असेच दबतात.

दातेरी पाना सासऱ्यांचा. लाल रंग तळव्याला फोड आलेल्या दिराचा. नळी खांदा आखडलेल्या नवऱ्याची. एकाच नटावर तीन हातांच्या खुणा, आणि तिघेही धडधडीत खोटं बोलत होते.

एकाने केलं असतं तर तो राग. तिघांनी केलं असेल तर तो कट.

फाटकाशी सासरे मागून आले. काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले. एवढंच निघालं, "पोरगी जेवते का नीट?"

ती वळेपर्यंत ते पुन्हा कोरड्या नळाशी जाऊन बसले होते.

४

"किती हा उशीर! पोराने रडून आकांत मांडलाय," आई गाडीतूनच बरसली. "आज पहिलाच दिवस आणि लगेच खुनाचा तपास. साधी धडक नव्हती का कोणाची?"

सर्व्हेअरने बाळाला घेतलं आणि मागच्या सीटवर बसून पदराआड पाजायला लागली. डोक्यात मात्र तेच. संध्याकाळ होत आली होती. ती काय सांगणार होती त्या बाईला? तुझा नवरा निघाला, आणि सासराही, आणि दीरही?

एक गोष्ट मात्र टोचत होती. तिघांनी मिळून केलं असेल तर एकच पाना पुरला असता. एकाने टॉर्च धरायचा, एकाने फाटकाकडे लक्ष ठेवायचं. मिळून काम करणारी माणसं तीन वेगवेगळी हत्यारं का आणतील?

तेवढ्यात बाळाने मान वाकडी केली, एक ढेकर दिला आणि प्यायलेलं सगळं तिच्या खांद्यावर उलटून टाकलं. मग आणखी थोडं. मग आणखी.

"अगं बाई! एवढं कसं?" आई फडकं घेऊन धावली. "पाजलंस कशाला? मी आत्ताच बाटली दिली होती ना!"

"मला सांगितलं नाहीस!"

"तू विचारलंस? आल्याआल्या पदराखाली घेतलंस. आणि मघाशी मी चहाला उतरले तेव्हा जावईबापू येऊन बसले होते, त्यांनीही एक बाटली पाजली म्हणत होते. मला वाटलं, पुरुषाच्या हातून पोटभर कुठलं होतंय."

"म्हणजे तिघांनी..."

तिचं वाक्य अर्धवटच राहिलं. फडकं खांद्यावर तसंच. बाळ मात्र हलकं होऊन तिच्याकडे बघत हसत होतं.

"काय झालं? अशी काय बघतेस?"

"आई, गाडी चालव. ठाण्यावर. लवकर."

५

फौजदार हॉस्पिटलात जायला निघतच होते. ती त्यांना ओलांडून थेट गाडीपाशी गेली, भिंग काढलं आणि चौथ्या बोल्टावरच्या नटावर धरलं. सकाळी तिने खुणा बघितल्या होत्या. खुणा कोणत्या बाजूला आहेत, ते बघायचं राहून गेलं होतं.

"साहेब, इकडे या. नटाला सहा कोपरे. प्रत्येक कोपऱ्याला दोन बाजू. नट सोडवताना पाना एका बाजूवर दाब देतो, आवळताना दुसऱ्या. हात फिरवून बघा."

फौजदारांनी बोट फिरवलं. "एक बाजू दबलीय. दुसरी... दुसरी गुळगुळीत आहे."

"सगळ्या कोपऱ्यांना तसंच. दात उमटलेत तेही त्याच बाजूने. लाल रंगही तिथेच. आणि नट कोरा होता, म्हणजे जुन्या खुणांचा प्रश्नच नाही. हा नट आजवर कोणी सोडवलेलाच नाही. तिन्ही वेळा आवळलाय."

गॅरेजवाला जवळ येऊन उभा राहिला होता. तिने तुटक्या बोल्टांवर उजेड टाकला. तिन्ही तुकडे तुटण्याआधी मानेशी बारीक झाले होते, मऊ गोळी दोन्हीकडून ओढावी तसे. बोल्ट हवा त्यापेक्षा फार आवळला की आतून ताणला जातो. दिसायला घट्ट, आणि आतून त्राण गेलेलं. घरापासून उतारापर्यंत ते जुने बोल्ट कसेबसे तग धरून होते. ब्रेक लागले आणि एकामागून एक तटातट तुटले. नव्याच्या अंगात ताकद होती, तो राहिला.

"पण का?" फौजदार वैतागले. "तीन-तीन माणसं एकच नट का आवळतील?"

ती गॅरेजवाल्याकडे वळली. "नवा बोल्ट बसवला की गाडी थोडी चालल्यावर नट पुन्हा एकदा आवळायचे असतात. हे तुम्ही कोणाला सांगितलं होतंत?"

गॅरेजवाल्याने खाली बघितलं. "थोरला गाडी घेऊन आला, त्याला सांगितलं. धाकटा न्यायला आला, त्याला सांगितलं. संध्याकाळी घरी फोन केला, म्हाताऱ्यांनी उचलला, त्यांनाही सांगितलं."

"तिघांनाही? कशाला?"

"ताई, जुनं गिऱ्हाईक आहे माझं. त्या घरात एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कधी कळत नाही. मागे तेल बदलायचा निरोप दिला होता, गाडी जळायची वेळ आली. म्हणून म्हटलं, तिघांच्याही कानावर घालू. एकाच्या तरी लक्षात राहील."

"आणि तिघांच्याही लक्षात राहिलं," ती म्हणाली.

फौजदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. "हे खरं असेल तर मॅडम, माझ्याकडे आरोपीच नाही."

"माझ्या बोलण्याने ते खरं ठरणार नाही. त्या तिघांना बोलवा."

६

हॉस्पिटलच्या त्या लहानशा खोलीत तिघे पुरुष भिंतीला टेकून उभे होते, एकमेकांपासून हातभर अंतर राखून. फौजदार खुर्चीवर. दाराशी सुनेचा भाऊ बॅगा घेऊन, दात आवळून. सुनेने पोरीला घट्ट जवळ धरलं होतं.

सर्व्हेअरने सगळं सांगितलं. खुणा कोणत्या बाजूला होत्या, बोल्ट कसे ताणले गेले, निरोप कोणाकोणाला गेला. सून ऐकत राहिली. शेवटी तिने हात वर केला.

"थांबा. हे तुमच्याकडून नको. मला यांच्याकडून ऐकायचंय. बोला."

कोणी बोलेना.

"बोला म्हणतेय ना! नाहीतर मी सही करते."

सासऱ्यांनी घसा साफ केला.

"गॅरेजवाल्याचा फोन आला," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तू दरीच्या रस्त्याने जाणार. सोबत पोर. म्हटलं, ही दोघं विसरतील. अंधार पडायच्या आत जाऊन आवळले. तो पाना बसत नव्हता नीट. तरी आवळले."

"बाबा, तुम्ही?" धाकट्याच्या तोंडून निसटलं. "मी पहाटे... वहिनी, मला वाटलं दादा रागात आहे, तो कशाला बघतोय. मित्राचा पाना आणला. जोर लावला, हलेचना. म्हटलं गंजलाय वाटतं, आणखी जोर लावला."

"तुम्ही का बोलला नाहीत? अपघात झाल्यावर तरी?" सुनेने विचारलं.

"पोलीस म्हणाले, कोणीतरी नटांशी खेळलंय. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं. मीच मारलं असतं तुला." धाकटा रडायलाच लागला.

आता सगळे नवऱ्याकडे बघत होते. त्याने खांदा धरला होता, तो सोडला.

"झोक्याची नळी काढली," तो म्हणाला. "पान्यात घातली. अंगाचं सगळं वजन टाकलं. 'जायचंच असेल तर जा' म्हणालो आणि मग झोप येईना. तुला थांब म्हणता आलं नाही, नीट जा म्हणता आलं नाही. म्हणून नट आवळत बसलो. आवळतच बसलो."

सून हसली की हुंदका आला, कोणालाच कळलं नाही. पिटुकली दचकून आईच्या तोंडाकडे बघायला लागली.

"तिघांनी मिळून मला मारलं असतं," ती म्हणाली. "माया करून करून मारलं असतं. आणि मी मरेपर्यंत समजले असते की कोणाला माझं काहीच नाही. निघताना एकाने बाहेर येऊन 'नट आवळलेत गं' एवढं म्हटलं असतं, तर बाकीचे दोघे झोपले असते. मीही हसत गेले असते."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

फौजदार खाकरले. "बाई, मग मी काय लिहू?"

"लिहा, या घरात कोणी कोणाशी बोलत नाही."

"तसं कलम नाही आमच्याकडे."

"मग काही लिहू नका."

दाराशी भाऊ अवघडून उभा होता. "ताई, माझ्याकडे निघायचं ना? रिक्षा थांबलीय."

"निघायचं. नोकरी मी सोडणार नाही." ती सावरून बसली. नवऱ्याने नकळत एक पाऊल पुढे टाकलं.

"मी येतो सोडायला," तो म्हणाला. "तिकडे, नव्या घरापर्यंत."

"कशाने? गाडी तर ठाण्यात आहे."

"बसने जाऊ."

"बसला सबंध दिवस जातो. एवढा वेळ माझ्याशेजारी बसून काय करशील?"

त्याने बापाकडे बघितलं, भावाकडे बघितलं. तिथून काही मदत मिळण्यासारखी नव्हती. मग तो पलंगाशी आला, स्टूल ओढलं आणि तिच्या प्लॅस्टरमधल्या बोटांना अगदी हलकेच, दाब न देता, स्पर्श केला.

"फार दुखतंय का गं?"

तिने सांगायला सुरुवात केली.